टायरचे वय बिलावर लिहिणे सक्तीचे करावे

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात नागपूरला एका लग्नाला निघण्याच्या आदल्या दिवशी मी गाडीची हवा तपासायला आमच्या भागातल्या पंक्चरवाल्याकडे गेलो होतो. गाडी जेमतेम २८ हजार किलोमीटर चाललेली आणि टायरची नक्षी अजून खोल, त्यामुळे त्या बाबतीत मी निर्धास्त होतो. त्या मुलाने पुढचे चाक काढले, उलटे केले आणि आतल्या बाजूला लंबगोल चौकटीत उमटवलेले चार आकडे दाखवले : १८१६. म्हणजे टायर २०१६ सालच्या अठराव्या आठवड्यातले, नऊ वर्षांचे! मग त्याने टायरच्या कडेवर अंगठा जोरात दाबला, तेव्हा एरवी न दिसणाऱ्या बारीक भेगा उघड्या पडल्या. हे आकडे बहुधा टायरच्या एकाच अंगाला असतात आणि ते अंग आत गेले की गाडीखाली डोके घातल्याशिवाय दिसत नाहीत, हे मला सत्तरीत कळले.

टायर घासला की बदलायचा, एवढेच आपल्याला ठाऊक असते. कायद्यालाही तेवढेच ठाऊक आहे. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असा नियम आहे आणि ते ओळखण्यासाठी खाचांमध्ये तेवढ्याच उंचीचे छोटे उंचवटे दिलेले असतात. परंतु रबर ऊन, उष्णता आणि हवेतला प्राणवायू व ओझोन यांनी न घासताही कडक होत जाते. त्याला जपणारी द्रव्ये टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्‌महिने इमारतीखाली उभी राहिली की तेही होत नाही. म्हणजे ‘गाडी फारशी वापरतच नाही’ असे कौतुकाने सांगणारे माझ्यासारखे निवृत्त लोकच या बाबतीत अधिक धोक्यात असतात. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात, तर टायर कंपन्या साधारणपणे दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानतात. डिकीत पडून असलेली स्टेपनीही याला अपवाद नाही.

असे म्हातारे टायर घेऊन आपण समृद्धी महामार्गावर जातो, जिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि उन्हाळ्यात काँक्रीट दुपारभर तापलेले असते. त्यातच हवा कमी असेल तर टायरची कड सतत दुमडून आतून तापते आणि जुन्या टायरमध्ये तारांच्या पट्ट्यांवरून रबर सुटू लागते. (नायट्रोजनची जाहिरात मोठी असते, पण टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे दर पंधरा दिवसांनी हवा मोजणाऱ्याला साधी हवा पुरते.) समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर परिवहन विभागाने मध्यंतरी टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या, हे स्तुत्यच होते, मात्र माझी गाडी त्या तपासणीतून विनासायास सुटली असती, कारण नक्षी शाबूत होती.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि पीयूसी केंद्रात फक्त धूर पाहिला जातो, त्यामुळे मधल्या काळात टायरचे वय पाहणारे कोणीच नसते. म्हणून माझी परिवहन विभागाला विनंती आहे की, टायर विकताना त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष बिलावर लिहिणे दुकानदारांना बंधनकारक करावे. औषधाच्या पट्टीवर तारीख पाहणारा ग्राहक दोन वर्षे गोदामात पडलेला टायर ‘नवा कोरा’ म्हणून घेऊन येतो, तो केवळ ते चार आकडे कोणी त्याला वाचून दाखवत नाही म्हणून. महामार्गावरील तपासणी पुन्हा सुरू करताना नक्षीबरोबर हे आकडेही पाहावेत.

नागपूरला मी रेल्वेने गेलो. चारही टायर आता बदलले आहेत. नव्या बिलावर आठवडा आणि वर्ष दुकानदाराकडून आग्रहाने लिहून घ्यावे लागले.

– एक ज्येष्ठ वाचक, छत्रपती संभाजीनगर