सेतूवाल्या ताईंना, एका नोकरीच्या मेलबद्दल

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

तुमचे आभार मानायला केंद्रावर आलो, तर तुम्ही ‘बरं बरं, पुढचा कोण?’ म्हणून मोकळ्या झालात. रांग होती, तुमचंही बरोबरच. म्हणून हे लिहून काढतोय आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण अमळनेर, पारोळा, चोपड्याकडच्या डिप्लोमावाल्या पोरांच्या मोबाईलवर असले मेल येतच असतात. प्रत्येकाच्या गावात तुमच्यासारखी ताई असेलच असं नाही.

मेल पवनऊर्जेतल्या एका नामांकित कंपनीच्या नावानं आला होता. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघत मोठ्या झालेल्या इलेक्ट्रिकलवाल्याला दुसरं काय हवं? साइट कच्छची, पगार 38,500, सोबत शिक्क्याचं ऑफर लेटर. इंग्रजी इतकं गुळगुळीत की कुठं बोट ठेवायला जागा नाही. खाली बारीक अक्षरात : सेफ्टी किट आणि ट्रेनिंगचं डिपॉझिट 12,500 रुपये, पहिल्या पगारात परत, 24 तासांत भरावं. आबा पतपेढीत विचारूनही आले होते. आईचं एकच पालुपद, “पैसा दीसन नोकरी? मंग ती नोकरी कसानी?” घरात दोन तट पडलेले, आणि मी तुमच्याकडे आलो तो फक्त प्रिंट काढायला.

दाखल्यांचे दिवस होते. टेबलावर नॉन-क्रिमीलेअरच्या अर्जांचा ढीग, मागं लॅमिनेशनचं मशीन तापलेलं. तुम्ही प्रिंट देण्याआधी ते पान वाचलंत. ‘फ्रॉड आहे’ असं एकदाही म्हणाला नाहीत. मॉनिटर माझ्याकडे वळवलात आणि विचारलंत, “पाठवणाऱ्याचं नाव नको सांगू, पत्ता वाच.”

नाव कंपनीचं होतं. पत्त्यात कंपनीच्या नावापुढं एक आडवी रेघ आणि ‘करिअर्स’ जोडलेलं. उत्तर पाठवायला गेलं की वर तिसराच जीमेलचा पत्ता येत होता. मला वाटलं, झालं, सापडला चोर. तुम्ही म्हणालात, थांब, मोठ्या कंपन्या भरतीचं सॉफ्टवेअर वापरतात, त्यांचा मेलही कधी कधी वेगळ्या पत्त्यावरून येतो. एवढ्यावर कुणाला फाशी देऊ नये. तुमचा हा सबुरीपणा मला फार आवडला. आमच्याकडे एकतर सगळंच खरं असतं, नाहीतर सगळंच खोटं.

मग तुम्ही कॉम्प्युटरवर त्या मेलचं ‘शो ओरिजिनल’, म्हणजे मेलच्या मागची सगळी तांत्रिक माहिती, उघडलंत. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, म्हणजे मेल कुठून निघाला ते तपासणाऱ्या दोन्ही चाचण्या पास. आमच्या कॉलेजातला एक हुशार मित्र याच दोन ‘पास’वरून मेल शंभर टक्के खरा आहे असं पैजेवर सांगत होता. तुम्ही हसलात. पासचा अर्थ इतकाच की मेल त्या डोमेनवरूनच, पत्त्यात @ च्या पुढं जे नाव असतं तिथूनच, निघाला. डोमेन चोरानं स्वतःच विकत घेतलेलं असेल तर तोही पासच होणार. गाडीची नंबरप्लेट खरी निघाली म्हणून चालवणारा साव ठरत नाही, हे तुमचं वाक्य मी आता चार ठिकाणी वापरलंय. उलटं मात्र लक्षात ठेवण्यासारखं : पत्ता हुबेहूब कंपनीचा दिसतोय आणि तिथं ‘फेल’ आलंय, तर तो मेल बाजूलाच ठेवावा. नंतर तुम्ही ‘हू-इज’वर, म्हणजे डोमेनच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर, ते डोमेन कधी नोंदवलं ते पाहिलंत. कंपनी कित्येक वर्षांची जुनी, आणि हे डोमेन मागच्याच महिन्यातलं.

ऑफर लेटरवर 21 अंकी-अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी नंबर, होता. तो कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साइटवर टाकला तर बरोबर त्याच कंपनीचा निघाला, मधल्या चार आकड्यांत स्थापनेचं सालसुद्धा जुळलं. मी परत आशेवर. तुम्ही म्हणालात, हा नंबर कंपनीच्या प्रत्येक कागदावर छापलेला असतो, उचलायला कितीसा वेळ लागतो? त्यातून कंपनी खरी आहे हे कळलं, पत्र पाठवणारा कंपनीचा आहे हे कुठं कळलं? आणि कोपऱ्यातल्या अशोकस्तंभाकडे बोट दाखवलंत. खासगी कंपनीला तो आपल्या पत्रावर छापताच येत नाही, त्याला 2005 चा कायदा आहे. हे खरं सांगतो, मला ठाऊकच नव्हतं. मला तर तो बघूनच पत्र वजनदार वाटलं होतं.

मग पैसे भरायचा क्यूआर. तुम्ही माझ्याच मोबाईलवरून तो स्कॅन करायला लावलात, पिन न टाकता. खातेदार म्हणून नाव आलं कुणा एका माणसाचं, कंपनीचं नाहीच. तिथंच मागं ये म्हणालात.

तरीही तुमचा निकाल यातल्या कशावरही नव्हता, आणि मला तेच सांगायचंय. मेलमध्ये जे जे दिलंय, नंबर, लिंक, व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘एचआर सर’, ते सगळं मेलवाल्याचंच. त्याला विचारून त्याचीच खात्री कशी होणार? बाहेरून जायचं. तुम्ही कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप केलात, गुगलवरचा पहिला आलेला नंबरसुद्धा घेतला नाहीत, कारण तिथंही खोटे नंबर पेरलेले असतात. साइटवरच्या करिअर पानावर ती जागाच नव्हती. लँडलाइन लावली. पलीकडच्या बाई वैतागलेल्याच होत्या, रोज असे फोन येत असावेत. अशी भरती नाही, आणि आम्ही उमेदवाराकडून कधीच पैसे घेत नाही, एवढं सांगून त्यांनी ठेवला. आबांना घरी सांगायला मला दुसरं काही लागलं नाही.

पण तुमचे खरे उपकार त्याच्या पुढचे. जाता जाता तुम्ही विचारलंत, “आणखी कुठले आलेत?” होता एक. जळगाव एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्याचा. जीमेलवरून आलेला, विषयाच्या जागी नुसतं ‘जॉब’, इंग्रजीच्या तीन ओळींत स्पेलिंगचा बोजवारा, लोगो नाही, शिक्का नाही. पगार 16,000. तो हुशार मित्र म्हणाला होता, हा तर उघड बोगस, डिलीट मार. तुम्ही तो दोनदा वाचलात. त्यात पैसे मागितले नव्हते, घाई नव्हती, आधार-पॅन मागितलं नव्हतं. फक्त मेंटेनन्सला माणूस पाहिजे, कागद घेऊन या, असं, आणि प्लॉट नंबर. “याला पारखणं सोपं आहे,” तुम्ही म्हणालात, “जाऊन बघ.” सुरत-भुसावळ मार्गावर राहण्याचा हा एक फायदा. सकाळच्या गाडीनं जळगाव, तिथून रिक्षानं अजिंठा चौफुलीच्या पुढं. गेटवर तेच नाव, आत मशीनचा खडखडाट, मालक स्वतः बनियनवर मोटर उघडून बसलेले. त्यांनी मुलाखत म्हणून मला एक कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, जोडायला दिला. आता मी तिथंच आहे. मेल त्यांच्या दहावीतल्या मुलानं लिहिला होता म्हणे.

कागदपत्रांचं तुम्ही सांगितलेलं पाळतोय. अर्जासोबत बायोडेटा, बस. आधार द्यायचीच वेळ आली तर शेवटचे चार आकडे दिसतील असं मास्क केलेलं, आणि झेरॉक्सवर कशासाठी दिलं ते आडवं लिहून. कॅन्सल चेक रुजू झाल्याशिवाय नाही.

आमच्या गल्लीतल्या एकानं मात्र असल्याच डिपॉझिटचे पैसे भरून टाकले होते. त्याला तुमचंच सांगणं सांगितलं : आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवून, आणि लाजत बसायचं नाही. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले गेले तरच काही आशा. थायलंडला डेटा एंट्रीला निघालेल्या त्याच्या मावसभावालाही तुमच्याकडे पाठवतोय. टुरिस्ट व्हिसावर जा म्हणतायत त्याला. तिकडं उतरल्यावर म्यानमार-कंबोडियात नेऊन पोरांनाच फसवणुकीच्या कामाला जुंपतात, असं आपलं सरकारही बजावतंय. परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याच्या एजंटचं नाव आहे का, तेवढं त्याला तुमच्या मॉनिटरवर दाखवा. माझ्या तोंडून त्याला पटत नाही.

तुम्ही त्या दिवशी प्रिंटचे दहा रुपये घेतलेत आणि बाकीच्याचं काही नाही म्हणालात. मागच्या रांगेतले लोक कुरकुरत होते, त्यांचंही देणं माझ्याकडे आहे.

धाकटीला पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा आहे, सोमवारी येईल. तिला आत्ताच एकाचा फोन येऊन गेलाय, सेटिंग करून देतो म्हणून. नंबर खोडला नाहीये, घेऊन येईल.

आपला,
अमळनेरचा, हल्ली जळगावला अपडाउन करणारा एक वायरमन