गगनबावड्याहून आल्यावर

चि. सागरास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं मनालीचं पॅकेज बघितलं. सहा रात्री, सात दिवस, आणि रोज सकाळी साडेसातला गाडी दारात हजर. मग दुकान काय वाईट आहे रे? तिथं निदान नऊला शटर वर जातं.

रागावू नकोस. आम्ही आपलं गगनबावड्याला जाऊन आलो. पितृपंधरवड्यात भांड्याच्या दुकानाकडं काळं कुत्रं फिरकत नाही, हे तुला माहीत आहेच. कोल्हापुरात रंकाळा स्टँडवरून एसटी धरली. माझं वयामुळं अर्धं, आईचं बायकांच्या सवलतीत अर्धं, म्हणजे दोघांत मिळून एक तिकीट. ५५ किलोमीटरचा तर रस्ता. कळ्यापर्यंत ऊसच ऊस. असळज मागं पडलं की भाताची खाचरं लागतात आणि हवा बदलते. आईनं तिथंच पिशवीतून शाल काढून अंगावर घेतली.

खोलीबद्दल न बोललेलं बरं. गादी दमट, आणि गरम पाणी दोन्ही दिवस 'आत्ता येतंय'. जेवण मात्र चांगलं, नाचणीची भाकरी आणि पिठलं. आईनं पिठल्याला नाव ठेवलं नाही, यावरून समज.

दुसऱ्या दिवशी गगनगडावर गेलो. पन्हाळा बांधणाऱ्या शिलाहार भोजाचंच नाव या गडालाही लावतात. गगनगिरी महाराजांचा मठ वर आहे. पायऱ्या आईनं बसत बसत चढल्या, मीही तिच्या निमित्तानं बसत होतो. वर पोचलो तर पुढं सगळं पांढरं. दहा मिनिटांनी धुकं फाटलं आणि खाली एकदम कोकण. एका अंगाला करूळ घाट वैभववाडीकडं उतरतो, दुसऱ्या अंगाला भुईबावडा. मी आपलं मास्तरकी करत सांगितलं, की या कड्याच्या पलीकडं पडलेला पाऊस खाली कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. अलीकडं पडलेला जातो कुंभी नदीत, तिथून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि पार बंगालच्या उपसागरापर्यंत.

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे २०१९ ला आपल्या स्वयंपाकघरात शिरलेलं पाणी इथलंच की हो!"

म्हटलं, एकट्या कुंभीचं नव्हतं, कासारी, तुळशी, भोगावती पण होत्या.

"असू देत. वाटा होताच."

उतरताना रस्त्याकडेला एक ओहोळ लागला. बोटं बुडतील एवढंच पाणी, आणि दगडाखाली बटणाएवढा खेकडा. आई वाकली आणि पाण्यात हात घालून बराच वेळ तशीच राहिली. ओट्यावरच्या शेगडीपर्यंत पाणी आलं होतं त्या वर्षी. भिंतीवरची ती रेघ तिनं अजून रंगवू दिलेली नाही. तू लांब असतोस म्हणून तुला कधी सांगितलं नाही, पण तेव्हापासून जुलै लागला की ती रात्री झोपत नाही. पावसाचा आवाज वाढला की उठते आणि माझ्या मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला लावते. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. हे आकडे तिला पाढ्यासारखे पाठ आहेत. त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं होतं.

आणि बावड्यात त्या रात्री पाऊस आला. तिथला पाऊस तो! आपल्याकडं वर्षाला हजारभर मिलिमीटर, तिथं पाच हजारांच्या वर. पत्र्यावर असा बदाबदा, की शेजारच्या खाटेवरचं बोलणं ऐकू येईना. मी मोबाईल उशाला घेऊनच पडलो, आता ही उठेल म्हणून. उठली नाही. सकाळी आठपर्यंत गाढ झोपली. मीच जागा राहिलो रात्रभर!

उठल्यावर म्हणते कशी, "इथं पाणी खाली जातंय. वर येत नाही."

तर पॅकेजचं असं कर. पैसे परत मिळत असतील तर घे, नसतील मिळत तर तू आणि सूनबाई जाऊन या. दिवाळीत आलास की तुम्हा दोघांना बावड्याला नेतो. चादरी मात्र घरच्या घेऊ.

त्या ओहोळाचं पाणी आईनं बाटलीत भरून आणलंय. फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवलंय आणि मला हात लावू देत नाही. घटस्थापनेला घटात हेच घालणार म्हणते.

तुझे,
बाबा