कडी लावत जा

सोलापूर

चि. माईस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री अकराला तुझा फोन आला. "आबा, केस मागे घेतली," एवढंच बोललीस आणि ठेवलास. तुझी आई दचकून उठली. काही नाही म्हटलं, झोप. मला काही डोळा लागला नाही. आधी एकच सांग, रात्री दाराला आतून कडी लावतेस ना? फिर्यादी पैसेवाला आहे. तपासवालेही चिडले असतील.

बाकीचं सकाळी भाऊकडून कळलं. त्या पोराच्या रात्रपाळीचं हजेरीचं पान पोलिसांकडे होतं, दोषारोपपत्राला जोडलंच नव्हतं. तुझ्या हाती लागलं. तू अर्ज दिलास, कोर्टानं परवानगी दिली, पोरगं सुटलं. आठ महिन्यांनी. सरकारी वकील म्हणून जामिनाला विरोध तुझाच होता, माई. तेव्हाची पेपरातली बातमी मी कापून कपाटाच्या आतून चिकटवली आहे. त्यामुळे मला बोलायला तोंड नाही.

गड्ड्याच्या जत्रेला आली होतीस तेव्हा त्याची आई पायरीवर येऊन बसली, मी तांब्याभर पाणी दिलं, आणि तू घर डोक्यावर घेतलंस. "आरोपीच्या माणसांना दारात उभं करू नका, आबा. उद्या माझ्यावर शेकेल." तुझं कायद्यानं बरोबर असेल. पण ती गेल्यावर तू तांब्या घासायला टाकलास, ते मला लागलं. तेव्हा बोललो नाही, आता लिहितोय. जाऊ दे.

दहा-अकरा वर्षांची होतीस. गड्ड्यावरून येताना चार पुतळ्यांपाशी थांबलो. मी नेहमीचं सांगत होतो, १९३० चा मार्शल लॉ, मग १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी, धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. तू मध्येच विचारलंस, "त्यांच्याविरुद्ध बोलणारा वकील त्या दिवशी जेवला असेल का?" मी तुला बत्तासे घेऊन दिले आणि विषय बदलला. तुला आठवत नसेल. वकील झालीस तेव्हा मला तेच आठवलं, आणि नंतर तू एकामागून एक केसेस जिंकत गेलीस तसं मीही विसरलो.

मागावर ताण्याचा धागा तुटला की माग थांबवावा लागतो. पण थांबवला की मजुरी आपलीच बुडते. मी कितीदा न पाहिल्यासारखं केलं, तो दोष पुढे सगळ्या चादरीभर गेला. तू थांबवलास. हे फोनवर बोलता आलं नसतं.

पण आता एकदम मऊ होऊ नकोस. ज्यांच्या घरी खरंच चोरी झाली, मारहाण झाली, त्यांचंही कुणी बोलायला हवंच. आणि प्रत्येक कागद तीनदा वाच, रात्री जागून नको, स्कूटरवरून उशिरा एकटी तर मुळीच... बघ, पुन्हा प्रवचन. तुझी आई म्हणते, आबांना पत्र नाही, आदेश लिहिता येतात. चुकलं.

काल ती बाई परत आली होती. आत बोलावलं तर आली नाही, पायरीवरच बसली. पाणी प्यायली, तुझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. जाताना तांब्या स्वतः विसळून पालथा घालून गेली.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी एसटीनं पाठवतोय. कडी नीट बसत नसेल तर सुतार बोलाव, पैसे मी देतो.

आबा