पेन्सिलनं भरलेला फॉर्म

प्रिय सई,

काल रात्री आपलं बोलणं अर्धवट राहिलं. म्हणजे तू दार लावून घेतलंस आणि मी भांडी जरा जास्तच जोरात विसळली. समोरासमोर बोलायला गेलं की माझा आवाज आपोआप चढतो, म्हणून लिहायला बसलेय.

तुझा विषयनिवडीचा फॉर्म समोरच आहे. भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र या चार चौकटी शाळेनंच भरून दिल्यात. गणितापुढे फक्त 'साधं' की 'प्रगत' एवढी खूण करायची. त्याखाली दोन ऐच्छिक विषय. पहिल्यात तू 'नाटक' लिहिलंयस, दुसरी चौकट मोकळी आहे. आणि सगळ्यात शेवटी 'करिअरची दिशा': आरोग्य, अभियांत्रिकी, कला, व्यवसाय, संगणक, यांतली एक. तिथं इतक्या वेळा लिहून खोडलंयस की कागद भुसभुशीत झालाय. 'साधं गणित'वर मात्र ठसठशीत खूण. काल मी नेमकं त्याच खुणेवर बोट ठेवलं आणि तू म्हणालीस, "मला कुठं इंजिनिअर व्हायचंय?"

मलाही नव्हतं व्हायचं. मी तुझ्यापेक्षा वर्षभरानं मोठी असताना आमच्याकडेही हलकं गणित आणि जड गणित अशी दोन गणितं होती. माझ्या जिवलग मैत्रिणीनं हलकं घेतलं, म्हणून मी घेतलं. घरी कुणी विचारलं नाही. शिक्षकांनी विचारलं, पण "तुला काय करायचंय जड गणित घेऊन?" अशा सुरात, त्यामुळे तो प्रश्न असा नव्हताच. मैत्रीण सहा महिन्यांत शाळा बदलून गेली. मला पुढं भरघोस मार्क पडत राहिले आणि सगळे खूश होते. फसगत तिथंच झाली बघ. मार्क चांगले पडत असताना आपलं काही सुटतंय अशी शंका कुणाला येणार?

ते कळलं एकोणिसाव्या वर्षी. ऑडिओलॉजीच्या, म्हणजे ऐकण्याच्या शास्त्राच्या, अगदी सुरुवातीच्या तासाला फळ्यावर डेसिबलचं सूत्र लिहिलं गेलं. त्यात लॉग होता, म्हणजे घातांक उलटा शोधायचं गणित. मी तो चित्र काढावं तसा वहीत उतरवून घेतला. लोकांना वाटतं, डेसिबल म्हणजे आवाज मोजायची पट्टी, सेंटिमीटरसारखी. तशी ती नसते. १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते, २० वाढले की शंभरपट, ३० वाढले की हजारपट. आणि शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. ऐकण्याच्या तपासणीत शून्य म्हणजे निरोगी तरुण कानाला सरासरीनं जेमतेम ऐकू येणारा आवाज. एखाद्याला त्याहूनही बारीक ऐकू येतं, मग तक्त्यावर उणे पाच, उणे दहा असं मांडावं लागतं. उणे आवाज! मला वाटलं आपली चेष्टा चाललीय.

त्या सुट्टीत मी शाळेचं जड गणिताचं पुस्तक आणलं, हॉस्टेलमधल्या मुलींना दिसू नये म्हणून त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि घातांकापासून सुरुवात केली. जमलं. पण ज्याला शाळेत एक वर्ष, रोजचा एक तास आणि समोर शिकवणारं माणूस मिळालं असतं, ते मी एकटीनं, घाबरत घाबरत, बाकीचे विषय सांभाळून केलं. माझ्याबरोबरच्या एका मुलीनं त्या लॉगपायी कोर्सच सोडला. ती माझ्यापेक्षा हुशार होती.

म्हणून फॉर्मवर बोट ठेवलं गं. गणित थोर आणि नाटक क्षुल्लक असं मला म्हणायचं नव्हतं, जरी काल ते अगदी तसंच ऐकू गेलं असेल.

फॉर्मवरच्या चौकटी सारख्या मापाच्या छापलेल्या असतात, पण विषय सारखे नसतात. काही विषय जिन्यासारखे असतात. गणित तसंच. मधल्या पायऱ्या गाळल्या तर वरच्या मजल्यावर उडी मारता येत नाही. बीजगणित नीट झालं नाही तर कॅल्क्युलस अडतं, आणि कॅल्क्युलस अडलं की भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांच्या वरच्या वर्गांत धाप लागते. परकी भाषाही बरीचशी तशीच, दोन वर्षं सोडली की पुन्हा पहिल्या धड्यावर. वाद्याचं तर सांगायलाच नको, बाबांची बासरी कपाटावर आहे. याउलट काही विषय अंगणासारखे. मानसशास्त्र, समाजशास्त्र, व्यवसायाची ओळख, कायद्याची ओळख यांत तू पुढं कधीही, कुठल्याही बाजूनं शिरू शकतेस. कॉलेजातही ते बहुतेक ठिकाणी पहिल्यापासून शिकवतात. म्हणून प्रत्येक चौकटीपाशी एकच विचार: हे आत्ता नाही घेतलं तर पुढं उचलता येईल का, आणि किती कष्टानं? आवडीचा प्रश्न त्यानंतरचा.

तू आता फॅरेडेचं नाव काढशील. मागच्या वर्षी त्याच्यावर प्रकल्प केलास तेव्हापासून तो घरचाच झालाय. मान्य. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला मुलगा, गणित यथातथाच, आणि तरी विजेच्या जगातलं एवढं मोठं काम. पण त्यानंच १८५७ साली, त्याच्या कल्पना गणितात मांडणाऱ्या मॅक्सवेल या शास्त्रज्ञाला पत्र लिहून विचारलं होतं की, तुम्ही गणिती लोक ज्या निष्कर्षांना पोचता ते आमच्यासारख्यांसाठी साध्या भाषेत नाही का मांडता येणार? मला ते पत्र फार आवडतं, आणि थोडं वाईटही वाटतं. त्याच्याच कल्पना त्याला परक्या लिपीत परत येत होत्या.

आता त्या भुसभुशीत कोपऱ्याविषयी. करिअरची दिशा.

चौदाव्या वर्षी मला माझ्या आजच्या कामाचं नावही माहीत नव्हतं. कानाचे डॉक्टर असतात एवढं ठाऊक होतं. कोण किती ऐकतं हे मोजणारं, कानाचं मशीन माणसागणिक बसवून देणारं, ऐकू न येणाऱ्या बाळाच्या आईबापांशी बोलणारं वेगळं माणूस असतं, हे कुणी सांगितलंच नाही. मग मी कुठल्या चौकटीत काय लिहिणार होते? आणि माझं काम त्या पाचांपैकी कुठल्या दिशेचं, सांग. कानाची रचना म्हणून आरोग्य. आवाज म्हणजे लहरी, म्हणून भौतिकशास्त्र. मशीन म्हणजे आता छोटा संगणकच. आणि म्हातारपणी सहसा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात; स, श, फ निसटायला लागतात, आणि आजोबा म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." तिथं भाषाच कामाला येते.

ज्यानं कानातल्या शंखात, म्हणजे कॉक्लियात, ध्वनीची लाट कशी फिरते ते दाखवलं तो गेऑर्ग फॉन बेकेशी डॉक्टर नव्हता. भौतिकशास्त्रज्ञ होता, हंगेरीच्या टेलिफोन प्रयोगशाळेत नोकरीला. टेलिफोनचा विचार करता करता तो कानात शिरला, आणि १९६१ चं नोबेल त्याला वैद्यकशास्त्राचं मिळालं. त्याच्या फॉर्मवर 'आरोग्य'पुढे खूण असेल असं मला नाही वाटत.

शाळेनं तुमच्याकडून ती आवडींची प्रश्नावली भरून घेतली, तिचं तू फार मनावर घेतलंयस. 'कलात्मक' आणि 'सामाजिक' असा निकाल आला म्हणून 'आरोग्य' खोडलंस ना? ती प्रश्नावली आवडींचे जे सहा प्रकार पाडते त्यांचं मूळ जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीत आहे, १९५९ सालच्या. मांडणी वाईट नाही. बोलायला सुरुवात करून देते. पण ती विचारते काय, तर "तुला इंजिन दुरुस्त करायला आवडेल का?" ज्या मुलीनं कधी इंजिनाचं झाकण उघडून पाहिलं नाही तिनं काय उत्तर द्यावं? ती 'नाही' लिहिते आणि यंत्रांकडचा एक रस्ता आपोआप बंद होतो. प्रश्नावली आवड मोजते, आणि आवड जे पाहिलंय त्याचीच असते. कुवत ती मोजतच नाही.

गंमत म्हणजे मुलांना व्यवसाय निवडायला मदत करायची ही पद्धत ज्यानं रुळवली, तो फ्रँक पार्सन्स, त्यानं १९०८ मध्ये बोस्टनला त्यासाठी खास कार्यालय सुरू केलं, पण स्वतः तो आधी इंजिनिअर होता, मग शिक्षक, मग वकील. तो म्हणायचा ते अजून खरं वाटतं: आधी स्वतःला नीट ओळखा, मग कामाची नीट माहिती काढा, आणि मग दोन्हींची सांगड घाला. आपल्याकडे सगळा जोर पहिल्यावर. दुसऱ्यासाठी कुणी उठून चार माणसांना भेटत नाही.

तू भेट. मी सांगते म्हणून कोणाला 'करिअरविषयी मार्गदर्शन' विचारू नकोस, लोक भाषण देतात. विचार, की काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंत? कशाचा कंटाळा आला? माझं विचारशील तर काल मी सहा जणांची तपासणी केली, दोन तास अहवाल लिहिले आणि एका आजींच्या मशीनमधला मळ काढला. हा मळ कुठल्याही माहितीपत्रकात नसतो.

नाटकाबद्दल. आत्ता इथं एक वाक्य लिहिलं होतं की नाटकानं आत्मविश्वास वाढतो, पुढं मुलाखतीत उपयोग होतो वगैरे. खोडलं. तुला नाटक आवडतं, तुझे शिक्षक चांगले आहेत, तालमीवरून आलीस की तू दोन पायऱ्या एकदम चढतेस. एका चौकटीला एवढं कारण पुरतं. शिक्षक बघून विषय घेऊ नये असं शहाणी माणसं सांगतात. मला ते कधी पटलं नाही. विषय तोच राहतो, पण चांगला शिक्षक दर वर्षी मिळेलच असं नाही. ते नाटक पेन्सिलनं आहे, ते पेननं लिही.

मोकळ्या चौकटीत काय, ते मी सांगणार नाही. (सांगायचंय खूप. जीभ चावून बसलेय.) फक्त भरण्याआधी थोडी चौकशी कर. वरच्या वर्गातल्या दोघींना विचार की त्या विषयाचा गृहपाठ खरोखर किती असतो. माहितीपत्रकातला आकडा धरू नकोस. परीक्षेवर मार्क आहेत की प्रकल्पांवर, ते बघ. शेवटच्या आठवड्यात तीन प्रकल्प एकदम आले की काय होतं ते आपण या वर्षी पाहिलंय. पुढच्या कोणत्या विषयासाठी 'आधी अमुक झालेलं हवं' अशी अट आहे, ते शेवटच्या वर्षापासून उलटं वाचत ये, म्हणजे कुठलं दार आत्ताच लागतंय ते कळेल. आणि ऑफिसात जाऊन एक तारीख विचारून ठेव: विषय बदलायची मुदत. ती कुणी आपणहून सांगत नाही. प्रगत गणित झेपलं नाही तर मुदतीच्या आत खाली उतरता येतं. साध्यावरून वर चढायला मात्र पुष्कळदा जागाही नसते आणि तयारीही. ही एक गोष्ट काल मी शांतपणे सांगितली असती तर बाकीचं बोलावंच लागलं नसतं.

आणखी एक, जे सांगायला जड जातंय. तू 'आरोग्य' खोडलंस ते मला लागलं. गणितावरून मी एवढी तापले त्यात थोडा वाटा त्याचाही होता. माझ्या मनात कुठंतरी तू माझ्या शेजारच्या खोलीत बसलेली होतीस, पांढऱ्या कोटात. ते चित्र माझं आहे, तू त्याच्यावर खूण करायची गरज नाही. तो कोपरा हवा तर या वर्षी मोकळा सोडता येतो का, हेही विचार. काउन्सेलर बाई बहुतेक 'हो' म्हणतील.

फॉर्म तुझ्या टेबलावर ठेवतेय. पालकांच्या सहीची जागा अजून कोरी आहे. तू भरलास की मी सही करीन. गणितापुढची खूण कुठलीही असली तरी. पण 'साधं' ठेवलंस तर का, ते मला एकदा सांग, आणि त्यात कुठल्या मैत्रिणीचं नाव येऊ देऊ नकोस.

शनिवारी दुपारी माझ्याकडे कुणी पेशंट नसतात. आलीस तर तपासणीच्या आवाजबंद बूथमध्ये बसवते. हेडफोन लावायचा, बारीकसा जरी आवाज आला तरी बटण दाबायचं. तुझा तक्ता काढू. उणे पाच येतंय का बघू.

तुझी
आई

ता. क. खोडरबर बाबांनी नेलंय, शब्दकोडं सोडवायला. मागून घे.