अण्णांनी किल्ली परत दिली

कोथरूड, पुणे

प्रिय अवी,

दिवाळीनंतर तुला पत्र नाही, फोनही दोन मिनिटांचे. तब्येत ठीक, साखर आटोक्यात, सुधाचा गुडघा तसाच. आज मात्र लिहायला बसलोच, कारण ही गोष्ट घरात कुणाला सांगून कळत नाही. काल आपल्या मेकॅनिक अण्णांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "साहेब, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही."

अण्णा म्हणाले हे! ज्यांनी तुझ्या लग्नाची फियाट दादरहून येताना खंडाळ्याच्या घाटात शिंगरोबापाशी आचके द्यायला लागली, तेव्हा तापलेल्या फ्युएल पंपावर ओलं फडकं बांधून मुहूर्ताला आणली. (वहिनी अजून म्हणतात ना, फडकं सुकलं असतं तर सुटले असते?)

झालं एवढंच की स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. गाडीला बारा वर्षं झाली. डिझेल इंजिन आजही एका सेल्फला उठतं, पत्र्याला गंज नाही. सर्व्हिस सेंटर म्हणालं, आख्खा स्टिअरिंग कॉलम, म्हणजे चाकाखालचा दांडा, बदला. आठवड्यानं म्हणालं, हा पार्ट आता येत नाही. मग अण्णांनी कॉलम उतरवला. स्टिअरिंग हलकं करणारी मोटर चांगली होती. खोट होती काडेपेटीएवढ्या सेन्सरच्या डबीत, आणि तिच्यात वरपर्यंत काळी राळ ओतून ती कायमची बंद केलेली. अण्णांनी नखानं टोकरून पाहिलं, मग भिंगातून पाहिलं. स्क्रू नाही, खाच नाही. "उघडायचं कुठून?" एवढंच बोलले.

तेव्हापासून तुझं-माझं जुनं भांडण डोक्यात फिरतंय. तू टेल्कोवाला (आताची टाटा मोटर्स), मी मारुतीवाला. 1998 ला इंडिका आली, पहिल्या गाड्यांच्या तक्रारी सुरू झाल्या आणि मी तुला किती छळलं! 2001 ला तुम्ही सुधारलेली इंडिका व्ही2 आणलीत आणि टॅक्सीवाल्यांनी ती बेसुमार पळवली. पण आपण दोघंही एकाच प्रश्नावर भांडतोय असं समजत होतो, आणि प्रश्न दोन होते. गाडी रस्त्यात किती वेळा बंद पडते हा एक. शेवटी किती वर्षं चालते हा दुसरा.

फियाट आठव. पॉइंट घासा, प्लग साफ करा, कार्ब्युरेटर खोला, टॅपेट लावा. किलोमीटरचे आकडेच पाच, 99,999 नंतर पुन्हा शून्य. तिथवर जाईतो इंजिन एकदा तरी बोअरला, म्हणजे झिजलेले सिलिंडर कातून घ्यायला, जायचंच. दाराखालचा पत्रा सडायचा. तरी ती तीस वर्षं चालली, कारण तिचा प्रत्येक भाग उघडत होता, नाना पेठेतल्या स्पेअर्सच्या दुकानांत मिळत होता आणि अण्णांची मजुरी आपल्याला परवडत होती. लोक म्हणतात जुन्या गाड्या मजबूत होत्या. मला ते मुळीच पटत नाही. अण्णांसारख्यांनी त्या चालवत ठेवल्या.

डिसेंबर 1983 ला मारुती 800 आली आणि रस्त्यात बोनेट उघडून उभं राहणं कमी झालं. 2000 च्या सुमारास प्रदूषणाच्या नियमांनी कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, चोक ओढायचं विसरलो. माझ्या मते तोच काळ सगळ्यात चांगला. इलेक्ट्रॉनिक्स इंजिनापुरतं, बाकी सगळं पान्यानं सुटणारं. टोयोटाच्या क्वालिस बघ, अजून गावोगाव धावतात.

आणि कंपनीच्या नावावर तर जाऊच नये. 1995 ला तुमच्याच पिंपरीत मर्सिडीजची ई-क्लास जुळवायला लागले होते. टिकाऊपणात त्या मॉडेलचं नाव जगभर. पण त्याच मॉडेलच्या नव्वदीच्या सुरुवातीच्या गाड्यांत वायरिंगचं आवरण इंजिनाच्या उष्णतेनं भुगा होऊन गळायचं, आणि त्याच्या पुढच्या मॉडेलला गंजानं खाल्लं. उलट ह्युंदाईच्या एक्सेल गाडीची अमेरिकेत टिंगल व्हायची. त्याच ह्युंदाईनं 1998 च्या सुमारास तिथे इंजिन-गिअरबॉक्सला 10 वर्षं किंवा 1 लाख मैलांची हमी दिली आणि ती निभावण्यासाठी गाड्या सुधारल्या. टोयोटासारख्या टोयोटाला 2009-10 मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. म्हणून मी आता विचारतो, कुठल्या सालची, कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स.

आजची गाडी दहा वर्षं त्रास देत नाही, हे मनापासून कबूल. आमच्या चिन्मयला तेच हवंय, स्क्रीनही मोठा हवाय. पण अकराव्या वर्षी तो स्क्रीन गेला तर? एसीची बटणंही त्यातच. 2020 नंतरच्या डिझेलचा धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तर कर्वे रोडच्या गर्दीत भरत जातो, ती काजळी जाळायला मुद्दाम हायवेवर न्यायची गाडी! मला चालू इंजिन एका डबीपायी भंगारात घालायचं नाही, अवी. रात्री झोप लागत नाही, खरंच.

तू स्पेअर्समध्ये आयुष्य काढलंस, म्हणून विचारतो. मॉडेल बंद झाल्यावर पार्ट किती वर्षं ठेवायचे, हे आत कोण ठरवतं? आणि अपघातातल्या गाडीचा कॉलम मिळाला तर तो माझ्या गाडीच्या कॉम्प्युटरशी जुळवून देणारा कुणी तुझ्या ओळखीत आहे का?

नाशिकचा फ्लॅट लागला का? नातीचं बारसं कधी? वहिनींना नमस्कार. आणि अण्णांना एकदा फोन कर. माझ्याशी ते गाडीबद्दल बोलायला तयार नाहीत, तुझ्याशी बोलतील. दुपारी दोननंतर कर, जेवून बसलेले असतात.

तुझा,
दिलीप