दाखल्यानं सीट जात नाही, बाप्पा

संपादक साहेब, नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यात एका खेड्यावर ऑनलाईन सेंटर चालवतो. सातबारा, पीक विमा, दाखले सगळं इथंच, अन् जून लागला की सीईटीवाले पोट्टे आणि त्यांचे बाप. यंदा निदान आठ-दहा जणांनी मला हळूच विचारलं, भाऊ, उत्पन्न कमी दाखवलं अन् स्कॉलरशिप मागितली तर कॉलेजवाले नंबर लावत नाही म्हणते, खरं हाय का? एक काकाजी तर म्हणे फॉर्मात एकाचे चार लाख करून टाक, पोरगं गरीब दिसाले नाही पाहिजे. मी म्हटलं काकाजी, दाखला तहसीलदाराच्या सहीचा लागते, माझ्या मनानं आकडा कसा टाकू.

हे कुठून आलं ते एका पोट्टीनं मोबाईलवर दाखवलं, अमेरिकेतल्या कॉलेजांचा व्हिडिओ होता. तिकडं ते खरं आहे. हार्वर्ड, एमआयटी असे मोजके सोडले तर पुष्कळ कॉलेजं परदेशी पोरानं फीसाठी मदत मागितली की निवड करताना ते धरतात. पण ते तिकडचं झालं, आपल्या पोराले यवतमाळ नाहीतर अमरावतीत जायचं आहे.

इथं इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडमधे, म्हणजे सरकारी ऑनलाईन प्रवेश फेरीत, सीट लागते ती मेरिट, कॅटेगरी अन् तुम्ही भरलेल्या पर्यायांवर, बाप किती कमावते त्यावर नाही. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलचा, फॉर्म तर ॲडमिशन झाल्यावर भरतात, मग जे नंतर होते ते आधीच्या यादीत कसं काय आडवं येईन?

उलट दाखल्यानं सीट मिळते, हे कोणी सांगत नाही. टीएफडब्ल्यूएस म्हणून 5 टक्के जादा सीटा असतात, घरचं उत्पन्न 8 लाखाच्या आत पाहिजे, जात कोणतीही चालते, ट्यूशन फी माफ. फक्त पर्याय भरताना शेवटी टी असलेला कोड वेगळा टाका लागते, अन् चांगल्या ब्रँचला त्याचा कटऑफ कधी कधी ओपनच्याही वर जाते. ओबीसीला नॉन क्रिमिलेअर, म्हणजे घर फार सधन नसल्याचा दाखला, मुदतीत नाही लागलं तर पोरगं ओपनमधे जाते. ईडब्ल्यूएसची, म्हणजे खुल्या वर्गातल्या गरिबांच्या आरक्षणाची, तर गंमतच आहे, नागपूरच्या व्हीएनआयटी या केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजासाठी केंद्राचा दाखला लागते अन् त्यात 5 एकर शेती असली की बाद, मग ती कोरडवाहू का असेना. आमच्याकडच्या सात एकर कोरडवाहूवाल्याच्या घरी एकदा येऊन पाहा म्हणा श्रीमंती.

आता खरी अडचण सांगतो. माझ्या साळ्याच्या पोरीला दोन वर्षांमागे कॅपमधून एका खाजगी कॉलेजात सीट लागली, कोणतं ते राहू द्या. 2024-25 पासून 8 लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या अन् कॅपमधून आलेल्या पोरींची ट्यूशन फी पूर्ण माफ आहे, तरी काउंटरवर म्हणे आधी सगळी फी भरा, शासनाचे पैसे आले की वापस देऊ. बरं दिवस कोणते, तर पेरणीनंतरचे! कापूस केव्हाचाच विकला गेलेला, हाती होतं ते बियाण्यात अन् खतात गेलं, बँकेचं पीककर्ज अजून अडकलेलं. साळ्यानं गावातल्याच एकाजवळून व्याजानं 60 हजार काढले तेव्हा ॲडमिशन झाली. त्या पैशासाठी तो पुढं किती वेळा कॉलेजात गेला ते मला माहीत आहे, कारण दरवेळी गाडी माझीच नेली. ज्याला व्याजानं पण कोणी देत नाही त्याचं पोरगं यादीत नाव येऊन घरी बसते, अन् मग गावात बोलतात की गरिबाले घेतलं नाही.

दुसरी चूक म्हणजे घाबरलेला बाप एजंटाच्या नादी लागते, तो पोराले मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरते त्या सीटांवर, घुसवते. तिथं ना फीची सवलत ना महाडीबीटी, कारण ती कॅपवाल्यांनाच आहे. स्कॉलरशिपच्या भीतीनं स्कॉलरशिप घालवून बसते.

तर साहेब, एक विनंती आहे. निकाल लागल्यावर तुम्ही टॉपरचे फोटो छापता, छापा. पण मे महिन्यात, पेरणीच्या आधी, कोणत्या कोर्सला कोणता दाखला अन् तो कोणाकडून घ्यायचा याचा एक चौकट भरून मजकूर द्या. तलाठ्याकडे तीन-चार गावं असतात, जूनमधे सर्व्हर बसलेला, अन् नॉन क्रिमिलेअर तर एसडीओ ऑफिसातून येते, त्याला दिवस लागतात. ते चार लाखवाले काकाजी उद्या परत येणार आहेत, त्यांचा दाखला अजून तहसीलीतच पडला आहे.

आपला वाचक,
एक सेवा केंद्रवाला, ता. घाटंजी, जि. यवतमाळ