बर्फ कुठे होऊ द्यायचा?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

उणे पन्नास अंशांत झाडं मरत कशी नाहीत, असं तू विचारलंस. प्रश्न मला फार आवडला. अस्वलाची फर आणि पेंग्विनची चरबी तुला ठाऊकच आहे, पण झाडाला ना फर, ना पळून जायला पाय.

जीव जातो तो मुख्यतः पेशीच्या आत बर्फ झाला म्हणून. बर्फाचे स्फटिक पेशीची नाजूक पटलं फाडतात. म्हणून सायबेरियातला लार्च वृक्ष दिवस लहान होऊ लागले की तयारीला लागतो. सुईसारखी पानं गाळतो, पेशींमध्ये साखर वाढवतो आणि पेशीतलं पाणी हळूहळू बाहेरच्या फटींमध्ये जाऊ देतो. बर्फ होतो, पण तिथे, बाहेर. आत उरलेला रस इतका घट्ट असतो की तो गोठत नाही. याच भागातल्या ओयम्याकोन गावी 1933 साली उणे 67.7 अंश तापमान नोंदलं गेलं होतं!

हीच युक्ती अलास्कातला रानबेडूक करतो, आणि त्याच्याबद्दल वाचताना मी अक्षरशः थक्क झाले. तो जमिनीत खोल जात नाही. पाचोळ्याखाली नुसता बसून राहतो. कातडीवर पहिला बर्फ धरला की त्याचं यकृत भराभर ग्लुकोज तयार करून रक्तात सोडतं आणि ते पेशीपेशीत पोचतं. मग शरीरातलं जवळजवळ दोन तृतीयांश पाणी गोठतं. श्वास थांबतो, हृदय थांबतं. हातात घेतला तर दगडासारखा टणक लागेल. वसंतात तो वितळतो, हृदय पुन्हा धडधडू लागतं, आणि थोड्याच दिवसांत स्वारी डबक्यात जोडीदाराला साद घालत असते.

अंटार्क्टिकातल्या माशांना मात्र बर्फ अजिबात परवडत नाही. खारं पाणी तिथे उणे 1.9 अंशांपर्यंत उतरतं. त्यांच्या रक्तातली खास प्रथिनं बर्फाच्या इवल्या कणाला चिकटून त्याची वाढच रोखतात.

उत्तर ध्रुवाकडची भूखार, म्हणजे बिळात राहणारी खार, तर हिवाळ्यातल्या लांब झोपेत शरीराचं तापमान शून्याच्याही खाली, उणे 2.9 अंशांपर्यंत नेते, तरी तिचं रक्त गोठत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती थरथरून अंग पुन्हा तापवते, काही तास तशी राहते आणि परत गार होते. हिवाळ्यासाठी साठवलेली बरीचशी चरबी या मधल्या जागरणांतच संपते.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला अस्वस्थ करते. हिवाळे सौम्य झाले तर या सगळ्यांचं बरंच होईल, असं वाटतं ना? पण भुसभुशीत हिमाच्या जाड थराखाली जमीन शून्याच्या आसपासच राहते, कारण त्यात अडकलेली हवा उष्णता धरून ठेवते. आग्नेय अलास्कात सौम्य हिवाळ्यांमुळे हा थर पातळ होत गेला, आणि पिवळ्या सीडरची उथळ मुळं उघडी पडून वसंतातल्या अवचित गारठ्यात गोठली. तिथे दोन लाख हेक्टरांहून जास्त जंगलात ही झाडं वाळली आहेत. तुझ्या नकाशात अलास्काचा तो समुद्रकाठचा लांब पट्टा शोध. सीडरची ही जंगलं तिथेच आहेत.

तुझी,
आई